लाइट चालू ठेवा, पुस्तक उघडा!

सेमिस्टर संपत आली, दिवाळीची सुट्टी तोंडावर आहे आणि तिच्या मागेपुढे हॅलोवीनही आहेच. भुतांचे सिनेमे बघून झाले असतील, तर या सुट्टीत भुतांची पुस्तकं वाचून बघा. तुमच्याच वयाच्या मुलामुलींच्या आठ भयकादंबऱ्या आणि जोडीला आपलं मराठी फडताळ.

रात्रीचे साडेअकरा. हॉस्टेलच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकतं, 'हॉरर सांगा रे काहीतरी.' पाच मिनिटांत पंधरा नावं येतात. कुणी 'तुंबाड' म्हणतं, कुणी 'कॉन्ज्युरिंग', कुणी एखादा कोरियन सिनेमा सुचवतं आणि लगेच कुणीतरी विचारतं, 'हिंदी डब आहे का?' या पंधरा नावांत पुस्तकाचं नाव एकही नसतं. चुकून कुणी टाकलंच, तर पुढचा मेसेज ठरलेला, 'पीडीएफ आहे का?'

सिनेमाची सोय आहे हे मान्यच. तो दोन तासांत संपतो, चौघांत बघता येतो, आणि फारच टरकली तर शेजारच्याच्या खांद्याआड तोंड लपवता येतं. पुस्तकाबरोबर मात्र आपण एकटे असतो. सिनेमात पार्श्वसंगीत अचानक थांबलं की आता काहीतरी होणार हे कळतं. पुस्तक अशी आगाऊ सूचना देत नाही. शिवाय ते बंद दार आपल्यालाच उघडावं लागतं. पान उलटायचं की नाही हे आपल्या हातात असतं, आणि आपण ते उलटतो. पडद्यावरचं भूत मेकअपवाल्याने बनवलेलं असतं, सगळ्यांना सारखंच दिसतं. पुस्तकातलं भूत आपण स्वतःच्या डोक्यातून काढलेलं असतं. त्याला आपल्या घराचा जिना, आपल्या पीजीचा पॅसेज आणि बाथरूमचा उडालेला बल्ब बरोबर माहीत असतो.

अठरा वर्षांची लेखिका

भयकादंबरी म्हटलं की दाढीवाला, वयस्कर लेखक डोळ्यांसमोर येतो. पण या प्रकारातलं एक सर्वांत गाजलेलं पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा त्याची लेखिका अवघी १८ वर्षांची होती. १८१६चा उन्हाळा. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा आदल्या वर्षी स्फोट झाला होता आणि त्याच्या राखेमुळे युरोपात उन्हाळा असा आलाच नव्हता. जिनिव्हाच्या तळ्याकाठी काही मित्रमंडळी पावसामुळे घरात अडकून पडली होती. वेळ जावा म्हणून कवी लॉर्ड बायरनने सुचवलं, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहा. त्या मंडळींत होती मेरी. तिची गोष्ट वाढत गेली आणि जानेवारी १८१८मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीवर मेरी शेलीचं नावही नव्हतं.

मेरीची आई तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच गेली होती. १८१५मध्ये मेरीचं स्वतःचं पहिलं बाळ गेलं. अशा मुलीने एका जिवाची गोष्ट लिहिली, ज्याला त्याचा निर्माताच टाकून देतो. राक्षसाच्या आड दुसरंच दुःख बसलेलं असतं, हे तेव्हापासून चालत आलंय.

आज प्रकाशक ज्याला 'यंग अडल्ट' म्हणतात, तो वाचक साधारण १२ ते १८ वर्षांचा धरला जातो. प्रत्यक्षात पंचविशीतलेही ही पुस्तकं बिनधास्त वाचतात. यातला नायक किंवा नायिका शाळा-कॉलेजच्या वयाची असते. घर बदललेलं असतं, शरीर बदलत असतं, आणि काही सांगायला गेलं की मोठी माणसं म्हणतात, 'तुझ्या मनाचे खेळ आहेत.' आता सांगा, भुताच्या गोष्टीला याहून चांगली जमीन कुठली?

तर ही यादी. प्रत्येक पुस्तकाला आम्ही भीतीचा पारा दिलाय, ५ पैकी. शेवट कुठेही फोडलेला नाही.

१. 'द स्क्रीमिंग स्टेअरकेस' : जोनाथन स्ट्राउड

पहिल्यांदाच भयकादंबरी हातात घेणार असाल, तर इथून सुरुवात करा. 'लॉकवूड अँड कंपनी' या पाच पुस्तकांच्या मालिकेतलं हे पहिलं पुस्तक २०१३मध्ये आलं. या गोष्टीतल्या ब्रिटनमध्ये गेली कित्येक वर्षं भुतांचा सुळसुळाट झालाय. अंधार पडला की लोक घरात. भुताचा स्पर्श झाला तर माणूस मरू शकतो. गंमत अशी, की भुतं दिसण्याची-ऐकू येण्याची ताकद फक्त मुलांकडे असते आणि वय वाढलं की ती जाते. त्यामुळे भुतं पकडणाऱ्या एजन्सीज मुलांना नोकरीवर ठेवतात. हुकूम देणारे मोठे, जीव धोक्यात घालणारी पोरं. ज्यांनी इंटर्नशिप केलीय, त्यांना हे जग लगेच ओळखीचं वाटेल!

लूसी, लॉकवूड आणि जॉर्ज या तिघांच्या एजन्सीत मात्र डोक्यावर मोठं माणूसच नाही. लोखंडी साखळ्या, मीठ आणि तलवारी घेऊन ते कामाला जातात. एका केसमध्ये क्लायंटचं घरच जळतं आणि भरपाई भरायला त्यांना भलतीच धोकादायक केस घ्यावी लागते. भीती, विनोद आणि चहा-बिस्किटं यांचं प्रमाण मस्त जमलंय. नेटफ्लिक्सने २०२३मध्ये यावर मालिका केली, पण ती एका सीझनमध्येच आटोपली. पुढचं जाणून घ्यायचं तर पुस्तकांना पर्याय नाही.

भीतीचा पारा : ३

२. 'अ मॉन्स्टर कॉल्स' : पॅट्रिक नेस

रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी कॉनरच्या खिडकीशी एक राक्षस येतो. घरामागच्या टेकडीवरचं जुनं झाडच राक्षस होऊन आलेलं असतं. तेरा वर्षांचा कॉनर त्याला बघून घाबरत नाही, कारण रोज पडणारं एक स्वप्न त्याला याहून भयंकर वाटतं. त्याच्या आईला कॅन्सर आहे. राक्षस सांगतो, मी तुला तीन गोष्टी सांगेन आणि चौथी तू मला सांगायची. ती चौथी गोष्ट खरी असली पाहिजे.

ही कल्पना मुळात शिव्हॉन डाउड या लेखिकेची. पात्रं आणि सुरुवात तिच्याकडे तयार होती, पण २००७मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी, कॅन्सरनेच ती गेली. पॅट्रिक नेसने तिच्या कल्पनेवरून पुस्तक लिहिलं आणि ते २०११मध्ये आलं. जिम के याची काळीपांढरी चित्रं त्यात आहेत. पुढच्या वर्षी लेखनासाठीचं कार्नेगी आणि चित्रांसाठीचं केट ग्रीनअवे अशी ब्रिटनमधली दोन्ही पदकं या एकाच पुस्तकाने पटकावली.

घरात कुणी दीर्घ आजारी असेल, हॉस्पिटलच्या बाकड्यावर रात्री काढल्या असतील, तर हे पुस्तक तुमच्याशी असं काही बोलेल, जे नातेवाईक बोलत नाहीत. 'सगळं ठीक होईल' असं खोटं ते म्हणत नाही. वाचताना रुमाल जवळ ठेवा.

भीतीचा पारा : २, रडण्याचा : ५

३. 'अनदर' : युकितो अयात्सुजी

ॲनिमे बघणाऱ्यांनी कान टवकारले असतील. २०१२ची ती मालिका ज्यावरून आली, ती ही जपानी कादंबरी २००९ची आहे. इंग्रजी अनुवाद मिळतो. १९९८मध्ये कोइची नावाचा मुलगा तोक्योहून एका छोट्या गावातल्या शाळेत येतो. वर्ग तिसरीचा, तुकडी तिसरी. आपल्या हिशेबात नववी. या तुकडीबद्दल काहीतरी आहे, जे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. २६ वर्षांपूर्वी याच वर्गातला सगळ्यांचा लाडका विद्यार्थी मेला होता. मुलांना ते सहन होईना, म्हणून तो अजून आहे असंच सगळे वागत राहिले. तिथून पुढे जे सुरू झालं, ते थांबलेलं नाही.

आणि वर्गात मेइ नावाची मुलगी आहे. एका डोळ्यावर पट्टी बांधलेली. ती कोइचीला दिसते, पण बाकी कुणी तिच्याकडे बघत नाही, तिच्याशी बोलत नाही. ती आहे की नाही? उत्तर पुस्तकातच शोधा. आपल्याला 'वाळीत टाकणं' हा शब्द चांगला माहीत आहे. अख्ख्या वर्गाने एका माणसाकडे न बघणं ही गोष्ट भुताइतकीच थंडगार असते, हे या पुस्तकाइतकं नेमकं फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळतं.

भीतीचा पारा : ४. अपघात आणि मृत्यूंची वर्णनं तपशीलवार आहेत.

४. 'कॅरी' : स्टीफन किंग

हॉररच्या या बादशहाची प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी, १९७४ची. तेव्हा तो शाळेत इंग्रजी शिकवत होता. सुरुवातीची पानं लिहून त्याने कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती, ती बायकोने, टॅबिथाने, उचलून वाचली आणि पुढे लिहायला लावलं. हा किस्सा त्याने स्वतःच 'ऑन रायटिंग'मध्ये सांगितलाय.

दुकानात हे पुस्तक मोठ्यांच्या कपाटात मिळेल, पण गोष्ट पूर्णपणे शाळेतली. कॅरी व्हाइटची आई कमालीची कर्मठ. तिने मुलीला पाळीबद्दल एक अक्षर सांगितलेलं नाही. पहिली पाळी येते ती शाळेच्या शॉवररूममध्ये, सगळ्या मुलींसमोर. कॅरीला वाटतं आपण मरतोय आणि बाकीच्या मुली हसत सुटतात. या मुलीकडे नुसत्या मनाने वस्तू हलवण्याची ताकद आहे, हे त्यांना माहीत नसतं. बातम्या, पत्रं, चौकशीचे अहवाल असे तुकडे जोडत किंग गोष्ट सांगतो. काहीतरी महाभयंकर घडणार हे आपल्याला आधीच कळतं आणि तरीही आपण थांबत नाही.

वाचून झाल्यावर छळतो तो एकच प्रश्न. कॅरीच्या वर्गात आपण असतो, तर कुठल्या बाजूला उभे असतो?

भीतीचा पारा : ४. छळ आणि हिंसा भरपूर.

५. 'वाइल्डर गर्ल्स' : रोरी पॉवर

अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ एक बेट, त्यावर मुलींची निवासी शाळा. दीड वर्षापूर्वी तिथे एक विचित्र रोग आला आणि बेट क्वारंटाइन झालं. शिक्षिका एकेक करून गेल्या. मुलींची शरीरं बदलू लागली. हेटीचा एक डोळा कायमचा मिटलाय, बायटच्या पाठीवर दुसरा कणा आलाय, रीसच्या हातावर चंदेरी खवले आहेत. बोटीने येणारं अन्न पुरत नाही आणि इलाज येतोय, थांबा, एवढंच बाहेरून कळत राहतं. मग एक दिवस बायट गायब होते आणि हेटी कुंपण ओलांडायचं ठरवते.

पुस्तक आलं जुलै २०१९मध्ये. पुढच्या काही महिन्यांत सगळं जग दारं लावून बसलं. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते, मोबाइलवर वर्ग भरत होते, आणि मोठी माणसं सगळं सांगत नाहीयेत हे कळत होतं. त्यामुळे लेखिकेच्या ध्यानीमनी नसताना हे पुस्तक तुमच्या पिढीचं होऊन बसलंय. यात मैत्रीही आहे, पण गोडगोड नाही. जीव वाचवायचा की मैत्रीण, असा प्रश्न आला की जी असते, ती.

भीतीचा पारा : ४. जखमा आणि रक्ताचा तिटकारा असेल तर हे टाळा. मेसमध्ये जेवताना तर मुळीच उघडू नका.

६. 'व्हाइट स्मोक' : टिफनी डी. जॅक्सन

झपाटलेलं घर हा विषय हॉररइतकाच जुना. २०२१च्या या कादंबरीत तो अगदी आजचा झालाय. मॅरीगोल्डच्या आईला एका संस्थेकडून नव्या शहरात फुकट घर मिळतं. नवं घर, सावत्र वडील, सावत्र बहीण. घर चकचकीत, पण आजूबाजूची घरं ओस पडलेली, काही जळालेली. रात्री दारं आपोआप उघडतात, वस्तू नाहीशा होतात, घरात घाण वास येतो.

मॅरी सांगून सांगून थकते. पण तिचा भूतकाळ व्यसनाचा आहे, त्यामुळे घरचे तिच्या डोळ्यांपेक्षा तिच्या इतिहासावर जास्त विश्वास ठेवतात. एकदा घसरलेल्या पोराचं पुढे कुणी काही ऐकत नाही, हे भय या पुस्तकात भुतापेक्षा मोठं आहे. दुसरा धागा आहे वस्तीचा. जुने रहिवासी हटवून जागा 'सुधारायची' म्हणजे नेमकं कुणाचं भलं करायचं? चाळींच्या जागी टॉवर उभे राहताना बघितलेल्या मुंबईकर वाचकाला हा धागा वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

भीतीचा पारा : ४. व्यसन आणि टोकाच्या चिंतेचे उल्लेख आहेत.

७. 'वुई हॅव ऑलवेज लिव्ह्ड इन द कॅसल' : शर्ली जॅक्सन

भूत नाही, राक्षस नाही, रक्ताचा थेंब नाही. तरीही अंगावर काटा. १९६२ची ही कादंबरी १८ वर्षांची मेरिकॅट आपल्याला सांगते. मोठ्या घरात ती, तिची बहीण कॉन्स्टन्स आणि आजारी काका असे तिघंच राहतात. सहा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर साखरेत आर्सेनिक मिसळलेलं होतं आणि बाकी सगळं कुटुंब मेलं. खटला कॉन्स्टन्सवर चालला, ती निर्दोष सुटली. गाव मात्र विसरलेलं नाही. मेरिकॅट सामान आणायला बाजारात जाते तेव्हा पोरं तिच्यावर गाणी रचतात.

मेरिकॅट घराच्या रक्षणासाठी वस्तू जमिनीत पुरते, झाडाला खिळ्याने पुस्तक ठोकते. तिचं बोलणं इतकं गोड आणि इतकं खटकणारं आहे, की दहाव्या पानापर्यंत आपल्याला ती आवडू लागते आणि त्याचीच धास्ती वाटते. जेमतेम दीडशे पानांचं पुस्तक, एका रात्रीत संपेल. इंग्लिश लिटरेचरवाल्यांनी तर सोडूच नये.

भीतीचा पारा : ३, पण उतरायला आठवडा लागतो.

८. 'सिमेट्री बॉइज' : एडन थॉमस

ज्यांना भुतं हवीत पण झोपही हवी आहे, त्यांच्यासाठी. २०२०ची कादंबरी. लॉस एंजेलिसमधल्या एका कब्रस्तानात राहणारं लॅटिन अमेरिकन कुटुंब. मृतांच्या आत्म्यांना वाट दाखवणं हे त्यांच्यातल्या पुरुषांचं परंपरेने चालत आलेलं काम. यादरियल ट्रान्स मुलगा आहे. घरचे त्याच्यावर प्रेम करतात, पण त्याला 'मुलगा' मानून ती दीक्षा द्यायला तयार नाहीत. मग तो स्वतःच ती घेतो आणि आपली ताकद सिद्ध करायला एक आत्मा बोलावतो. येतो तो ज्युलियन, कॉलेजातल्या वात्रट मुलासारखा, आणि आपलं काम झाल्याशिवाय जायला साफ नकार देतो!

सगळं घडतं ते मृतांच्या सणाच्या आसपास. त्या दिवसांत गेलेली माणसं घरी येतात, त्यांच्यासाठी आवडीचे पदार्थ मांडले जातात. पितृपक्षात आजोबांच्या आवडीची भाजी पानात वाढलेली ज्यांनी बघितलीय, त्यांना हे वातावरण परकं वाटणार नाही.

भीतीचा पारा : १. प्रेमकथा म्हणूनही चालेल.

आपलं मराठी फडताळ

आता घरची भुतं. लहानपणी 'अलबत्या गलबत्या' बघून चिंची चेटकिणीला घाबरला असाल, तर एका मोठ्या गूढकथाकाराशी तुमची ओळख आधीच झालीय. ते नाटक रत्नाकर मतकरींचं. १९३८ ते २०२० असा त्यांचा काळ. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम' हे त्यांचे कथासंग्रह. मतकरींच्या कथांत ओसाड किल्ले क्वचितच लागतात. ब्लॉकमध्ये राहणारं साधं कुटुंब पुरतं आणि भीती तिथल्याच कुणाच्या तरी मनातून बाहेर येते. कथा छोट्या असतात. लोकलच्या एका प्रवासात एक संपते, उतरताना मात्र मागे वळून बघावंसं वाटतं.

दुसरं नाव नारायण धारप (१९२५-२००८). साधी मध्यमवर्गी माणसं, सरळ भाषा आणि हळूहळू घराला वेढत जाणारं काहीतरी. 'ग्रहण', 'चंद्राची सावली' यांनी सुरुवात करा. 'लुचाई' वाचाल तर सोबत स्टीफन किंगचं 'सालेम्स लॉट' ठेवा. धारपांनी त्याचा सांगाडा घेऊन गोष्ट मराठी मातीत रुजवली. अमेरिकेतला व्हॅम्पायर मराठी गावात येताना काय काय बदलतं, हा एखाद्या प्रोजेक्टचा विषय आहे. 'तुंबाड' सिनेमामागेही धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि त्याचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलंय. २०१८मध्ये आलेला हा सिनेमा २०२४मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. तो बघायला गर्दी करणाऱ्या पोरांनी धारपांच्या पुस्तकांकडेही मोर्चा वळवायला हरकत नाही. आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते हे नाव लक्षात ठेवा. 'अंधारवारी', 'घनगर्द', 'हाकामारी' ही त्यांची पुस्तकं. ती मोठ्यांसाठीची आहेत, त्यामुळे थोडा सराव झाल्यावर.

एक उणीव मात्र जाणवते. मराठीत लहान मुलांसाठी चेटकिणी आहेत, मोठ्यांसाठी समंध आहेत. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला नायिका करून लिहिलेली भयकादंबरी शोधायला गेलं, तर हात रिकामे राहतात. खरंतर माल घरात आहे. मुंज झाली पण लग्न व्हायच्या आत मुलगा गेला की तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, असं आपली लोककथा सांगते. म्हणजे हे भूतच मुळी अर्धवट वयाचं, बालपण संपलं आणि मोठेपण मिळालंच नाही असं! २०२४च्या 'मुंज्या' सिनेमाने त्यातली गंमत ओळखली. ओळखीच्या आवाजात रात्री हाक मारणारी हाकामारी आहे. फिरून फिरून त्याच जागी आणणारा चकवा आहे. कॅम्पसवर आलेला चकवा कसा असेल? तिसऱ्या अटेम्प्टला बसलेल्याला विचारा. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी दर वर्षी 'पाऊस' आणि 'आई' यांवर कविता येतात, यंदा एखादी भयकथा द्या.

वाचायचं, मानायचं नाही

भुताच्या गोष्टी वाचणारा भुतं मानतोच असं नाही. उलट गोष्टीतल्या भुताला शेवटचं पान असतं, हे आपल्याला माहीत असल्यामुळेच ती मजा येते. प्रत्यक्षात 'हिला लागीर झालंय' म्हणत एखाद्या मुलीला मारहाण होते, तेव्हा तिथे कुणीही मजा घेत नसतं. त्या मुलीला बहुतेक वेळा डॉक्टरची गरज असते. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, कोंडणं, साखळीने बांधणं हा गुन्हा आहे. तेव्हा पुस्तकातल्या भुताला खुशाल घाबरा. शेजारच्या घरात अंगारे-धुपारे करून कुणाचा छळ चालला असेल, तर घाबरू नका, बोला.

सुरुवात कशी करायची?

'आपलं इंग्लिश एवढं नाही' हे कारण बऱ्याच जणांकडे असतं, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांकडे. गंमत म्हणजे इंग्रजी वाचनाची भीती घालवायला भयकादंबरीसारखा उपाय नाही. वाक्यं छोटी, प्रकरणं छोटी, आणि पुढे काय होतंय हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे अडलेला शब्द आपण ओलांडून जातो. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नका, तोच शब्द तिसऱ्यांदा आला तरच अर्थ बघा. 'अ मॉन्स्टर कॉल्स'चं इंग्रजी सर्वांत सोपं, नंतर 'लॉकवूड'. शर्ली जॅक्सन मात्र चार पुस्तकं झाल्यावरच. आणि त्याहून सोपं हवं असेल तर आर. एल. स्टाइनची 'गूजबम्प्स' मालिका आहेच. १९९२पासून ती जगभरच्या पोरांना वाचायला लावतेय. कॉलेजात गेल्यावर ती वाचली म्हणून कुणी आयकार्ड काढून घेत नाही.

पुस्तकं मिळवायची कुठे? आधी कॉलेजची लायब्ररी. तिथे नसेल तर मागणी नोंदवा. पाच जणांनी एकाच पुस्तकाचं नाव लिहून दिलं, तर लायब्ररियनला ते यादीत घालणं सोपं जातं. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत फोर्टचे फुटपाथ धुंडाळा, स्टीफन किंग तिथे सेकंडहँडमध्ये हमखास सापडतो. चौघांत वर्गणी काढून एक प्रत घेतली तरी चालेल, फक्त वाचून झालेल्याने तोंड बंद ठेवायचं! सिग्नलवरच्या पायरेटेड प्रती मात्र नको. रहस्य उलगडणारी शेवटची पानंच छापायची राहिली असतील, तर त्याहून मोठं हॉरर नाही.

आणि शेवटचं. आपल्याला काय वाचवतं आणि काय वाचवत नाही, हे ज्याचं त्याने ओळखायचं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, स्वतःची मनःस्थिती ठीक नसेल, तर पारा ४ची पुस्तकं बाजूला ठेवा, ती कुठे पळून जात नाहीत. एखादं पुस्तक अर्ध्यावर सोडलं म्हणून कुणी भित्रा ठरत नाही. एखादं पुस्तक पुरून उरलं आणि मनातलं काहीतरी वर आलं, तर ते कुणाशी तरी बोला, मैत्रिणीशी, ताईशी, कॉलेजच्या समुपदेशकाशी. कॉनरच्या राक्षसालाही त्याच्याकडून तेवढंच तर हवं होतं.

चला तर मग. पाण्याची बाटली उशाशी भरून ठेवा, म्हणजे रात्री दोनला उठून पॅसेजमधून कूलरपर्यंत जावं लागणार नाही.